बेडकांची सोयरीक

मुलांनो, मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की आमच्या शिक्रापूरला रात्री काय ऐकू येतं, सांगा बघू?

तुम्ही म्हणाल, कंटेनरचे भोंगे! बरोबर. एकीकडून पुणे-नगर रस्ता, दुसरीकडून चाकणचा रस्ता. रात्रंदिवस वाहनांची रांग. पण गावापासून जरा लांब, वेळ नदीच्या बाजूला वस्तीवर या. तिथं त्या भोंग्यांनाही मागे टाकील असा आवाज येतो. डराव डराव, टर्र टर्र, टिक टिक टिक! आठ महिने जमिनीखाली गप्प बसलेले बेडूक एका रात्रीत बाहेर येतात आणि जणू गावजत्रा भरवतात.

मी याच भागातल्या एका वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. आज तुम्हांला बेडकांची गोष्ट सांगणार आहे. पण आधीच सांगतो, या गोष्टीत एक चूक आहे आणि ती चूक माझी आहे.

जून २०१६. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. रात्री पाऊस झाला होता. सकाळी परिपाठ झाल्यावर एक मुलगी उभी राहिली. (तिचं नाव मी सांगत नाही. तिला आवडणार नाही.) ती डांबरी रस्त्याच्या कडेकडेनं शाळेत यायची. म्हणाली, "गुरुजी, आज रस्त्यावर सव्वीस बेडूक चिरडलेले होते. मी मोजले."

मी म्हटलं, "अरेरे! बरं, बस खाली."

ती बसली नाही. म्हणाली, "गुरुजी, रस्त्याच्या अलीकडच्या तळ्यातले बेडूक आणि पलीकडच्या तळ्यातले बेडूक अजून एकमेकांचे पाव्हणे असतील का? का आता वेगवेगळे झाले असतील?"

मला हसूच आलं. मी म्हणालो, "का गं? तुला काय बेडकांची सोयरीक जुळवायची आहे का?"

झालं! सगळा वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून पोरांनी तिचं नाव ठेवलं, बेडूकताई. मीही एकदोनदा गमतीनं त्याच नावानं हाक मारली. मला वाटलं, वर्गात जरा विनोद झाला, पोरं खूश झाली. तास पुढं सरकला.

दोन वर्षं गेली. जून २०१८. सुट्टी संपायला थोडे दिवस होते, म्हणून आम्ही घरचे चारजण आंबोलीला गेलो. आंबोली म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं घाटमाथ्यावरचं गाव. रात्री जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला बाहेर पडलो, तर जांभ्या दगडाच्या सड्यावर दोन बॅटऱ्या फिरताना दिसल्या. जवळ गेलो. रेनकोट घातलेली दोन तरुण मुलं, एक मुलगा नि एक मुलगी, गुडघ्यावर बसून दगडावरच्या वीतभर पाण्यात काहीतरी बघत होती.

मी विचारलं, "काही हरवलं का?"

मुलगी हसली. "नाही काका. बेडूक बघतोय. पीएचडी करतोय आम्ही."

"पीएचडी? कशात?"

"बेडकांतच!"

मग तिनं मला बॅटरीच्या उजेडात एक एवढासा प्राणी दाखवला. अंगाच्या बाजूला पिवळट पट्टे, जणू वाघाचं पिल्लू! हा आंबोलीचा भेक. (भेक म्हणजे बेडकाचाच खरखरीत कातडीचा भाऊ.) शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याला नाव दिलं, झँथोफ्राईन टायगरिना. नाव देणाऱ्यांमध्ये दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू होते आणि आपल्या महाराष्ट्राचे वरद गिरीही होते. हा भेक साऱ्या जगात फक्त आंबोलीच्या परिसरात सापडतो. पहिल्या पावसात सड्यावर जी उथळ डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. डबकं आटायच्या आत पिल्लांना मोठं व्हावं लागतं. आणि नेमका त्याच दिवसांत आंबोलीच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांचा पूर आलेला असतो. आता जगात अत्यंत धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत तो आहे.

मी सहज विचारलं, "मग तुम्ही नेमकं शोधताय काय?"

मुलगा म्हणाला, "रस्त्याच्या या बाजूचे बेडूक आणि त्या बाजूचे बेडूक अजून एकमेकांत मिसळतात का, की रस्त्यामुळं वेगळे पडत चाललेत, अशा प्रकारचे प्रश्न असतात आमचे."

मुलांनो, पाऊस पडत होता म्हणून बरं. माझा चेहरा कुणाला दिसला नाही. चौथीतल्या एका मुलीनं मला हाच प्रश्न विचारला होता, अगदी याच शब्दांत. आणि मी तिला हसलो होतो!

त्या दोघांनी मग तिथंच उभ्या उभ्या मला बरंच समजावून सांगितलं. पुढं मी वाचूनही काढलं. त्यातलं तुम्हांला कळेल तेवढं सांगतो.

या शास्त्राला म्हणतात भूदृश्य जनुकशास्त्र. नाव अवघड आहे, पण घाबरू नका. भूदृश्य म्हणजे आपल्या आजूबाजूची जमीन, म्हणजे डोंगर, नदी, ओढा, ऊस, रस्ता, कारखाना, सगळं आलं. आणि जनुकं म्हणजे आईबापांकडून पिल्लांकडे जाणारा वारसा. तो डीएनए नावाच्या लांबच लांब धाग्यावर चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो. तुमचं नाक आजीसारखं का, याचं उत्तर तिथं असतं. या दोन गोष्टी जोडून पाहायच्या. जमिनीवरच्या कुठल्या गोष्टीमुळं प्राण्यांची ये-जा अडते आणि त्याचा त्यांच्या वारशावर काय परिणाम होतो, ते शोधायचं. या विषयाला हे नाव मिळालं २००३ मध्ये. म्हणजे शास्त्र तसं तुमच्या ताई-दादाच्याच वयाचं आहे.

आता सोयरीक म्हणजे काय, ते तुम्हांला माहीत आहे. समजा, दोन गावं आहेत. या गावच्या मुली त्या गावात नांदायला जातात, त्या गावच्या या गावात येतात. दोन्ही गावांत नव्या माणसांची भर पडत राहते. पण मध्येच कुणी उंच भिंत बांधली आणि येणं-जाणं बंद झालं तर? गाव लहान असेल, तर थोड्याच पिढ्यांत सगळे एकमेकांचे जवळचे नातेवाईक होऊन बसतील. बेडकांचंही तसंच. तळं लहान, बेडूक थोडे आणि बाहेरून कुणी येत नाही, मग सगळ्यांचा वारसा सारखाच होत जातो. अशात एखादा रोग आला, तर तो एकाला जितका बाधेल तितकाच सगळ्यांना बाधतो. तोंड देणारा कुणी वेगळा उरतच नाही.

म्हणजे मी चेष्टेनं 'सोयरीक' म्हणालो, तोच शब्द अगदी नेमका निघाला. गंमत आहे की नाही!

आणि हे सगळं फक्त कल्पनेतलं नाही बरं का. जर्मनीतल्या रे आणि झाइट्स या दोन शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये त्यांच्याकडच्या साध्या तपकिरी बेडकांवर निबंध छापला. मोठ्या रस्त्यांनी आणि रेल्वेनं तोडलेल्या तळ्यांतल्या बेडकांमध्ये वारशाची विविधता कमी झाली आहे, असं त्यांना आढळलं. युरोपात काही ठिकाणी बेडकांसाठी रस्त्याखालून खास छोटे बोगदे काढले आहेत. काही गावांत तर लोक वसंत ऋतूत रात्री बादल्या घेऊन निघतात आणि भेकांना उचलून रस्ता पार करून देतात!

आपल्याकडंही असं काम झालं आहे, मात्र जास्त मोठ्या प्राण्यांसाठी. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस या संस्थेत उमा रामकृष्णन आणि त्यांचे विद्यार्थी वाघांच्या विष्ठेतून डीएनए काढून कुठल्या जंगलाचं कुठल्या जंगलाशी नातं टिकून आहे, ते शोधतात. आणि आपल्या नागपूर जिल्ह्यात पेंचच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे ना, तो नऊ ठिकाणी खांबांवर उचलून घेतला आहे. वरून गाड्या, खालून वाघ!

वाघासाठी रस्ता उचलतात. बेडकाला मात्र साधी मोरी मोकळी ठेवली तरी पुरते.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, बेडकाचा डीएनए घ्यायचा म्हणजे त्याला मारायचं का? नाही, तशी गरज नसते. बेडकाच्या तोंडातून किंवा अंगावरून कापसाचा बोळा अलगद फिरवतात. त्याच्या पिल्लाच्या शेपटीचं अगदी छोटंसं टोक घेतलं तरी चालतं. (पिल्लाला पुस्तकात भैकेर म्हणतात. आमच्याकडची पोरं त्यांना मासोळ्या समजून बाटलीत भरतात!) मग नमुना छोट्या नळीत घालायचा, नळीवर जागा आणि तारीख लिहायची. नंतर प्रयोगशाळेत ती चार अक्षरांची लिपी वाचायची, वेगवेगळ्या तळ्यांतल्या बेडकांची तुलना करायची आणि ती नकाशावर मांडायची. अर्थात, हे कुणीही उठून करायचं नाही. वनखात्याची परवानगी लागते, शिक्षण लागतं.

आणि घाई का, तेही सांगतो. २०२३ मध्ये जगभरातल्या शास्त्रज्ञांनी मिळून आठ हजारांहून अधिक जातींच्या उभयचरांचा हिशेब मांडला. शंभरातल्या जवळजवळ ४१ जाती धोक्यात निघाल्या. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये एवढी वाईट स्थिती दुसऱ्या कुठल्याच गटाची नाही. तळी बुजतात, हवामान बदलतं, आणि कातडीला लागणारी एक बुरशीही आहे. ती बुरशी आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांवरही आढळली आहे. पुण्याच्या नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तसा निबंध प्रसिद्ध केला. बेडूक किती किडे फस्त करतो, ते शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको. आपल्या देशातून एके काळी बेडकांच्या तंगड्या परदेशी खायला जात. १९८७ मध्ये सरकारनं ती निर्यात बंद केली, त्यामागं हेही एक कारण होतं.

हे काम करणारी माणसं फार लांबची नाहीत. शिक्रापूरहून पुण्याला जायला एसटीनं किती वेळ लागतो? तिथल्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले आनंद पाध्ये यांनी कितीतरी वर्षं बेडकांचा अभ्यास केला. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१३ मध्ये झुडपांवर राहणारा एक नवा बेडूक शोधला आणि त्याला नाव दिलं राओर्चेस्टेस घाटेई. पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे हेमंत घाटे सर, त्यांच्यावरून! शिक्षकाचं नाव बेडकाला! मला तर हे वाचून फारच अभिमान वाटला. २०१७ मध्ये याच मंडळींनी पश्चिम भारतातल्या बिळात राहणाऱ्या बेडकाला स्फेरोथेका पश्चिमा हे नाव दिलं. या कुळातल्या बेडकांच्या मागच्या पायाला फावड्यासारखा उंचवटा असतो. त्यानं माती उकरत ते उलटे, मागच्या मागे जमिनीत शिरतात. आणि शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातला कुंभार बेडूक पाहा. त्याचा नर अंड्यांवर हातानं चिखल लिंपतो. २०१४ मध्ये के. व्ही. गुरुराजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची ओळख जगाला करून दिली.

बरं, पुन्हा माझ्या चुकीकडं येतो.

आंबोलीहून परत आलो, त्याच संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेलो. ती आता सहावीत जाणार होती. मी तिला म्हणालो, "बाळ, चौथीत तू मला एक प्रश्न विचारला होतास. मी हसलो होतो. तो प्रश्न फार चांगला होता. त्यावर मोठमोठी माणसं काम करतात. माझं चुकलं."

ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, त्यानंतर मी वर्गात कधी प्रश्नच विचारला नाही."

मुलांनो, मी डीएडला असताना बालमानसशास्त्राच्या पेपरात चांगले गुण मिळवले होते. मुलांच्या जिज्ञासेला प्रोत्साहन द्यावे, असं पानभर लिहिलं होतं. त्या एका वाक्यानं ते सगळं पान कोरं करून टाकलं.

मी तिला एक शंभर पानी वही दिली. म्हटलं, "यात प्रश्न लिही. मला दाखवू नकोस हवं तर. पण लिही."

त्या वहीचं काय झालं, मला कळलं नाही. पण २०२५ च्या मे महिन्यात, बारावीचा निकाल लागल्यावर, तिचे वडील माझ्याकडे आले. त्यांची शेती थोडी, रांजणगावला कंपनीत कंत्राटी काम. म्हणाले, "गुरुजी, पोरगी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली. आता म्हणते, प्राणिशास्त्र घेणार आणि पुढं बेडकांवर पीएचडी करणार. दहा वर्षं शिकत राहायचं का? तुम्ही डीएड केलंत, नोकरी लागली, संसाराला लागलात. तिलाही तेच सांगा. तुमचं ऐकेल ती."

खरं सांगू? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मीही बारावीनंतर असाच हिशेब केला होता. मला भूगोल फार आवडायचा, पण घरात लवकर पगार यायला हवा होता, म्हणून डीएड केलं. शिक्षक झालो याचं मला मुळीच दुःख नाही. पण तो निर्णय घेताना दुसरा रस्ता कसा असतो, हे सांगणारं कुणी नव्हतं, एवढं मात्र खरं.

मी म्हणालो, "तात्या, बसा. चहा घ्या. आपण कागदावर मांडू."

आम्ही दोघांनी जे मांडलं, ते तुम्हीही वाचा. कुणाला ना कुणाला उपयोगी पडेल. आधी पदवी, बी.एस्सी. मग एम.एस्सी. नव्या नियमांप्रमाणे चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केली, तर थेट पीएचडीसाठीही अर्ज करता येतो. पुण्याच्या आयसर संस्थेत बारावीनंतरच पाच वर्षांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम आहे, पण त्याची प्रवेश परीक्षा अवघड असते. पुढं नेट नावाची देशभराची परीक्षा द्यायची. त्यात संशोधनवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. हा आकडा ऐकून तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "शिकायचे पैसे देतात?" हो, देतात. पण ती वृत्ती सगळ्यांना मिळत नाही, हेही मी सांगितलं. मग बंगळुरू, हैदराबाद, डेहराडून, दिल्ली, पुणे, अशा ठिकाणी बेडकांवर किंवा जनुकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तिथल्या मार्गदर्शकांचे निबंध वाचायचे, त्यांना पत्र लिहायचं आणि आपला प्रश्न सांगायचा. पाच-सहा वर्षं लागतात. रात्रीचं काम, जळवा, साप, पाऊस. लिहायचं सगळं इंग्रजीत. नंतर नोकरीची हमी नाही. हेही कागदावर लिहिलं. लपवून ठेवण्यात काय अर्थ? आणि दुसऱ्या बाजूला हेही लिहिलं, की डीएडनंतरही आता टीईटी द्यावी लागते, भरतीची वाट पाहावी लागते. माझ्या वेळचा सोपा रस्ताही आता सोपा राहिलेला नाही.

तात्या म्हणाले, "पण पीएचडी होऊन गावाला काय उपयोग?"

मी म्हटलं, "आपल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे ना? तो कुणी काढला? डॉ. कलबागांनी. अमेरिकेत पीएचडी केलेला माणूस, १९८३ मध्ये मुंबईची मोठी नोकरी सोडून आपल्या दुष्काळी तालुक्यात आला आणि पोरांना हातानं काम करत शिकायला शिकवलं. शिकलेला माणूस गावाला उपयोगी पडतोच, तात्या. आपल्याला कळायला जरा वेळ लागतो."

ते बराच वेळ कागदाकडं बघत बसले. मग घडी करून कागद खिशात घातला आणि म्हणाले, "बघू."

एवढंच. "बघू."

जूनमध्ये तिनं पुण्यात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पीएचडी अजून फार लांब आहे. ती होईल की नाही, मी सांगू शकत नाही. मध्ये किती परीक्षा, किती अडचणी! कदाचित तिचा विचारही बदलेल. बदलला तरी हरकत नाही. पण जाण्याआधी ती मला एक वही देऊन गेली. मी दिलेलीच, शंभर पानी. मागच्या सात वर्षांतल्या पहिल्या पावसाच्या रात्री, रस्त्यावर मेलेले बेडूक, तारीख, जागा, पाऊस कमी की जास्त. शेवटच्या पानावर एक ओळ होती, 'मोरीत गाळ नसतो त्या वर्षी रस्त्यावर कमी मरतात का? पुढं बघायचं.'

आम्ही मग चौथीच्या पोरांना घेऊन पाहायला गेलो. मोरी गाळानं आणि प्लॅस्टिकनं अर्धी बुजलेली! ग्रामपंचायतीला अर्ज दिला, पोरांच्या सह्यांचा. पाठपुरावा चालू आहे.

तुम्हीही एक करा. या पावसाळ्यात एका डबक्याशी मैत्री करा. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या, रात्री एकट्यानं रस्त्यावर जायचं नाही. बेडकाला पकडायचं नाही, त्याची कातडी नाजूक असते, तिच्यातून तो श्वासही घेतो. फक्त बघायचं, ऐकायचं, मोजायचं आणि तारीख घालून लिहायचं. डोक्यात प्रश्न आला, तर तोही लिहायचा.

आणि वर्गात कुणी वेडावाकडा वाटणारा प्रश्न विचारला, तर? हसण्याआधी एकदा थांबा. गुरुजी हसले, तरी तुम्ही हसू नका. गुरुजींनाही सगळं येतं असं नाही!